साहेब, जाऊ नका!

निरोपसमारंभात खोटं बोलायचं असतं. बोलणाऱ्याला ते ठाऊक असतं, ऐकणाऱ्यांना ठाऊक असतं, आणि ज्याला निरोप द्यायचा त्याला तर सगळ्यांच्या आधी ठाऊक असतं. म्हणून तर कोणाचं काही बिघडत नाही. ज्याच्या नावानं जन्मभर बोटं मोडली त्याला ‘आमचा आधार’ म्हणायचं, हातात पुष्पगुच्छ कोंबायचा, चहा-बिस्किटं उरकायची आणि घरची वाट धरायची. इतकी सरळ, निरुपद्रवी व्यवस्था. पण वजनमापं कार्यालयातल्या धाकट्या साहेबांना ती पुरेना. त्यांना तेच खोटं चांगलं बोलायचं होतं. सगळा घोटाळा झाला तो इथे.

धाकटे साहेब म्हणजे वयानं धाकटे नव्हेत हो! गुडघे कुरकुरायला लागलेले, डोक्यावरचे केस पाहुण्यांसारखे, कधी उठून जातील नेम नाही. पण कार्यालयात साहेब दोन, एक मोठे आणि एक हे, म्हणून हे धाकटे. घरी थोरला भाऊ होता, तिथेही धाकटे. सासरी मेहुणीचा नवरा आधी आलेला, म्हणून जावयांतही धाकटे. जन्माला आल्यापासून हा माणूस दुसऱ्या कोणाच्या तरी खालोखाल बसत आला होता. आणि आता मोठे साहेब निवृत्त होत होते. त्यांची खुर्ची रिकामी झाली की तिच्यावर यांचाच हक्क. पुढच्या वर्षी स्वतः घरी जाण्याआधी वर्षभर का होईना, शिपायानं दारात उभं राहून “मोठे साहेब बोलावतायत” म्हणावं आणि ते मोठे साहेब आपण असावं, एवढीच या माणसाची इच्छा. फार काही मागणं नव्हतं. लोक याहून कमी लायकीवर याहून मोठ्या गोष्टी मागतात आणि मिळवतात.

आता मोठे साहेब कसे, ते सांगायला हवं. शहरातल्या दुकानदारांचे तराजू तपासायचे, वजनांवर शिक्के मारायचे, हे त्या कार्यालयाचं काम. पण मोठ्या साहेबांनी दुकानदारांपेक्षा हाताखालच्यांनाच जास्त तोललं. त्यांच्याकडे एक लाल शाईचं पेन होतं आणि मसुदा कितीही चोख असो, तो त्या पेनाखालून एकदा रक्तबंबाळ होऊन परत आल्याशिवाय पुढे सरकत नसे. टायपिस्टबाईंनी एका स्वल्पविरामापायी अख्खं पान पुन्हा बडवलं होतं. निरीक्षकानं स्वतःच्या लग्नासाठी रजा मागितली, तर ‘कारण सबळ वाटत नाही’ असा शेरा येऊन अर्ज परत. बिचाऱ्यानं रविवारी लग्न केलं आणि सोमवारी डोळे चोळत तराजू तपासायला गेला. निवृत्तीला मुदतवाढ मागायची त्यांना सोय होती, पण त्यांनी मागितली नव्हती. “मला आता दुपारी झोपायचंय,” असं ते स्वतःच म्हणाले होते. सगळ्या कार्यालयानं त्या झोपेला मनोमन शुभेच्छा दिल्या होत्या.

समारंभाला खुद्द संचालक येणार होते, आणि धाकट्या साहेबांच्या बढतीच्या कागदावर सही त्यांचीच व्हायची होती. या संचालकांची ख्याती अशी की ते माणसाचं काम बघत नाहीत, बोलणं बघतात. एवढ्या उंचावरून काम दिसत नसावं. मुख्य भाषण रिवाजाप्रमाणे धाकट्या साहेबांचं. आणि इथे गाडं अडत होतं, कारण मागच्या, रोखपालाच्या निरोपसमारंभात ते “आज आपल्या सर्वांच्या आनंदाचा दिवस” असं बोलून बसले होते, आणि पुढचं वाक्य न सुचल्यामुळे खरोखरच खाली बसले होते. तो निवृत्त रोखपाल अजून रस्त्यात दिसला की पलीकडच्या बाजूला जातो.

“या वेळी असं बोलतो की संचालक उठून टाळ्या वाजवतील,” त्यांनी घरी जाहीर केलं.

“पाच वाक्यं बोला आणि या,” बायको भाजी निवडत म्हणाली. “तुम्ही न बोलताच जास्त बरे वाटता.”

ही गोष्ट इथेच मिटली असती. पण आपल्याकडे माणसाला काही करायचंय म्हटलं की अख्ख्या इमारतीला कंठ फुटतो. शेजारचे वकील दारातूनच म्हणाले, “मुद्दा असेल तर मुद्दा मांडा. मुद्दा नसेल तर आवाज चढवा. दोन्ही नसेल तर आम्ही पुढची तारीख मागतो, तुम्हाला ती सोय नाही.” कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं घसा मोकळा करायच्या गोळ्या दिल्या आणि श्रोत्यांच्या डोक्यावरून भिंतीकडे बघून बोलायचा सल्ला फुकट दिला. वरच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, “अरे, पोटात असेल तेच ओठांवर आणावं, म्हणजे अडखळायला होत नाही.” धाकट्या साहेबांनी पोटात काय आहे ते एकदा आठवून पाहिलं आणि हा सल्ला तातडीनं बाद केला. थोरले बंधू तेवढे सल्ल्याच्या फंदात पडले नाहीत. ते पोट धरधरून हसले. “तू? भाषण? अरे, लहानपणी दुकानात तुला मीठ मागता यायचं नाही, साखर घेऊन यायचास!”

हे मात्र लागलं. माणूस संचालकाचा अपमान गिळतो, बायकोचा गिळतो, थोरल्या भावाचा नाही गिळवत. त्याच संध्याकाळी धाकट्या साहेबांनी वक्तृत्ववर्गात नाव घातलं.

हा वर्ग एका टायरच्या दुकानावर भरायचा. सकाळी त्याच खोलीत शिवणकाम शिकवत, त्यामुळे संध्याकाळचे वक्ते शिलाई मशिनांच्या मधे उभे राहून राष्ट्राला हाक घालत. वर्ग चालवणारे गुरुजी गोरेगोमटे, भरदार आवाजाचे, एक हात नेहमी हवेत. त्यांनी आयुष्यात कोणाला काय पटवलं होतं हे कळायला मार्ग नव्हता. मागच्याच खोलीत त्यांचा संसार होता, आणि “वाणी ही शक्ती आहे, वाणी हे शस्त्र” असं म्हणत ते शिगेला पोचले की आतून “अहो, दूध उतू जातंय!” अशी हाक येई आणि ती शक्ती आणि ते शस्त्र दोन्ही टाकून गुरुजी आत धावत. पण शिष्यांना त्याचं काही नव्हतं. ज्याला बोलता येतं त्याला सगळं येतं असं धरून चालायची आपली जुनी खोड आहे.

गुरुजींची विद्या थोडक्यात अशी. वाक्याच्या मधे थांबायचं, म्हणजे लोकांना वाटतं की पुढे काहीतरी आहे. आवाज चढवायचा नाही, उतरवायचा, म्हणजे लोक पुढे झुकतात, आणि झुकलेला माणूस निम्मा पटलेला असतो. श्रोत्यांतल्या एकाला डोळ्यांनी धरायचं आणि तो विरघळेपर्यंत सोडायचं नाही. “आणि शेवटचं, सगळ्यांत महत्त्वाचं,” गुरुजींनी बोट वर केलं. “भाषण म्हणजे मागणं. श्रोत्यांकडून काहीतरी मागितल्याशिवाय खाली बसायचं नाही. ज्या भाषणात मागणी नाही ते भाषण नव्हे, गप्पा!”

धाकट्या साहेबांनी हात वर केला. “निरोपाच्या भाषणात काय मागायचं?”

गुरुजी थांबले. त्यांचं ते थांबणं शिकवलेलं होतं की उत्तर सुचत नव्हतं म्हणून होतं, कोण जाणे. “निघालेल्या माणसाकडे काय मागतात? ‘जाऊ नका’ म्हणा! डोळ्यांत पाणी आणून म्हणा. सभा उभी राहील.”

ही कल्पना धाकट्या साहेबांना इतकी आवडली की ते त्या आनंदात घरी चालत आले. बायकोला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “आणि नाही गेले तर?”

“अगं, निरोपाचं भाषण कोणी खरं धरतं का?”

“मग एवढी फी भरून शिकताय कशाला?”

धाकटे साहेब तडक गच्चीवर सरावाला गेले.

गच्चीवरचा सराव हे प्रकरण इमारतीला महागात पडलं. पाण्याच्या टाकीला मोठे साहेब समजून धाकटे साहेब तिच्यापुढे उभे राहत आणि उतरलेल्या, कातर आवाजात विनवत, “जाऊ नका... तुम्ही गेलात तर आमचं कसं होणार... एकदा आमच्याकडे वळून बघा!” खालच्या मजल्यावर हे स्पष्ट ऐकू जाई. दोन दिवसांत इमारतभर झालं की यांची बायको घर सोडून चाललीय. वकिलांनी समजुतीची भाषा करून पाहिली आणि गरज पडली तर आपण आहोतच हेही सुचवलं. वरच्या आजी थेट स्वयंपाकघरात येऊन बायकोचा हात धरून बसल्या. “पोरी, रागाच्या भरात काही करू नकोस. माणूस वाईट नाही गं, नुसता बावळट आहे.” बायकोनं आजींना चहा पाजला, पाठवणी केली, आणि नवऱ्याला म्हणाली, “अजून एकदा गच्चीवर गेलात तर खरोखरच जाईन.” धाकटे साहेब मात्र मनातून सुखावले. टाकी हलली नव्हती, पण आजी हलल्या होत्या. आपल्या वाणीचा हा पहिला बळी.

मग आडवं आलं ते सरकारी परिपत्रक. संचालकांसमोर होणाऱ्या प्रत्येक भाषणाचा मसुदा आधी मंजूर करून घ्यावा, आणि तो कार्यालयप्रमुखांमार्फत यावा. कार्यालयप्रमुख म्हणजे मोठे साहेब. म्हणजे ज्यांची स्तुती करायची त्यांनीच ती तपासून द्यायची. दुसरा कोणी असता तर संकोचानं डोळे मिटून सही करता झाला असता. मोठ्या साहेबांनी लाल पेनाचं टोपण काढलं.

मसुदा तिसऱ्या दिवशी परत आला. ‘प्रेमळ’ या शब्दाखाली रेघ आणि समासात शेरा: ‘आधार काय?’ ‘त्यांच्या जाण्याने मोठी पोकळी निर्माण होईल’ या वाक्यापुढे: ‘खुर्ची लगेच भरली जाणार असल्याने पोकळी कशी? खुलासा करावा.’ ‘सर्वांच्या हृदयात त्यांचे स्थान आहे’ यावर: ‘सर्वांच्या म्हणजे कोणाच्या? नावे द्यावीत.’ शब्द एकेक करून गळत गेले आणि मंजूर मसुद्यात शेवटी मोठे साहेब कधी रुजू झाले ती तारीख तेवढी शिल्लक राहिली. तिच्यापुढे ‘ठीक’ असं लिहिलेलं होतं.

तारखेवर काही सभा रडत नाही. गुरुजींनी तो कागद बघितला आणि शिलाई मशिनवर ठेवून दिला. “वक्ता कागद बघून बोलत नाही. कागद मंजूर असू दे, तुम्ही बोलायचं ते बोला.” सरकारी नोकरीत एवढं धाडस धाकट्या साहेबांनी आयुष्यात केलं नव्हतं. पण खुर्ची दिसायला लागली की माणूस काय वाट्टेल ते करतो.

समारंभाचा दिवस उजाडला. वरच्या सभागृहात खुर्च्या मांडल्या, पंखे फिरले, संचालक आले आणि पहिल्याच रांगेत जरासे मागे रेलून झोपायच्या तयारीत बसले. त्यांच्या शेजारी मोठे साहेब, नव्या कपड्यांत, आणि त्यांच्या शेजारी त्यांच्या पत्नी, मांडीवर पर्स घट्ट धरून. मागे सगळं कार्यालय, आणि सगळं कार्यालय खुशीत. निरीक्षकाला तर सकाळी जिन्यात शीळ घालताना लोकांनी ऐकलं होतं. टायपिस्टबाई नवी साडी नेसून आल्या होत्या, आणि ती कशाच्या आनंदात ते कोणी विचारलं नाही. दोन-तीन भाषणं झाली. ‘आधार’, ‘मार्गदर्शक’, ‘वडीलधारे’ हे शब्द येऊन गेले आणि कोणाच्याही केसाला धक्का लागला नाही. मोठे साहेबसुद्धा चेहरा कोरा ठेवून ऐकत होते; त्यांचं एक बोट तेवढं मांडीवर शब्दांखाली रेघा ओढत होतं.

मग धाकटे साहेब उठले. माइकपाशी गेले आणि बोललेच नाहीत. थांबले. इतके थांबले की मागून कोणीतरी “विसरले वाटतं” म्हणालं. आणि मग त्यांनी असा आवाज उतरवला की पंख्याच्या घरघरीत तो ऐकायला अख्खं सभागृह पुढे झुकलं.

“साहेबांनी माझे मसुदे परत केले,” ते म्हणाले. “किती वेळा केले, त्याचा हिशेब नाही. मी चिडलो. घरी जाऊन जेवलो नाही.” थांबले. “पण एक दिवस मला कळलं. ज्याला आपण कोणी नसतो, तो आपल्या चुका कशाला शोधेल? रस्त्यावरचा माणूस शोधतो का? नाही. चुका कोण शोधतो?” पुन्हा थांबले. “बाप शोधतो.”

सभागृहात कोणीतरी नाक ओढलं. धाकट्या साहेबांनी डोळ्यांनी माणूस शोधला, निरीक्षक सापडला, आणि त्यांनी त्याला धरला. “तुमच्या लग्नाची रजा साहेबांनी नाकारली. का नाकारली? तुम्ही साधे कारकून असता तर दिली असती. पण साहेबांना ठाऊक होतं, की एक दिवसही... एक दिवसही तुमची जागा दुसरा कोणी भरून काढू शकत नाही! एवढी किंमत तुमची कोणी केलीय आजवर? तुमच्या सासऱ्यांनी केलीय?”

आता हा शुद्ध मूर्खपणा होता. कोणत्याही शहाण्या माणसानं तो ऐकून वक्त्याला पाणी प्यायला दिलं असतं. पण सभेतला माणूस एकटा असताना असतो तो नसतोच. डोकं तो चपलांबरोबर बाहेर काढून येतो. निरीक्षकानं आधी ओठ चावला, मग रुमाल काढला, आणि मग लहान मुलासारखा हुंदका दिला. त्याचं बघून टायपिस्टबाईंनी पदर तोंडाला लावला. स्वल्पविराम आठवला असेल. मागच्या दोन रांगा तर कारण न कळताच रडायला लागल्या, शेजारचा रडतो म्हणून. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, धाकट्या साहेबांना स्वतःचंच बोलणं पटायला लागलं. आपण कोणाचा निरोप घेतोय, का घेतोय, खुर्ची कुठली, सगळं विसरलं. डोळ्यांत खरोखरच पाणी आलं. हात आपोआप पुढे गेले.

“साहेब, आमचं एकच मागणं आहे. जाऊ नका!” 

सभागृह उठलं. “जाऊ नका! जाऊ नका!” निरीक्षक खुर्चीवर चढला होता. जन्मात ज्यांनी एका सुरात हजेरीही दिली नव्हती ती माणसं एका सुरात ओरडत होती.

या गलक्यानं संचालक जागे झाले. डोळे उघडताच समोर रडणारं कार्यालय बघून त्यांना वाटलं असेल, आपण काहीतरी थोर क्षणी झोपलो होतो. ते उठले, माइक हातात घेतला. “लोकांच्या भावनांचा मी आदर करतो,” ते म्हणाले. “मुदतवाढ द्यायचा अधिकार मला आहे. साहेबांची तयारी असेल तर दोन वर्षं मी आत्ता, या क्षणी, देतो!”

हात पुढे पसरलेल्या अवस्थेतच धाकटे साहेब गार पडले. दोन वर्षं! आणि आपण निवृत्त होणार पुढच्या वर्षी. हिशेब करायला कारकुनाची गरज नव्हती.

पण आशा अजून होती, कारण मोठे साहेब उभे राहिले आणि स्वच्छ म्हणाले, “नको. मला दुपारी झोपायचंय. मी खाट घेऊन ठेवलीय.” धाकट्या साहेबांना त्या क्षणी या माणसाबद्दल आयुष्यात पहिल्यांदा खरं प्रेम वाटलं. सगळ्यांच्या माना मग त्यांच्या पत्नीकडे वळल्या. काही झालं तरी माणसाचा उरलेला वेळ बायकोच्या वाट्याचा असतो.

बाई उठल्या. त्यांनी माइक घेतला नाही, आवाज चढवला नाही, उतरवला नाही. “मागच्या महिन्यात हे आठवडाभर रजेवर घरी होते,” त्या म्हणाल्या. “माझ्या डब्यांवर लाल शाईनं लिहून ठेवलंय. दूधवाल्याकडून लेखी खुलासा मागवलाय. लेकीनं पत्र पाठवलं तर ते दुरुस्त करून तिला परत पाठवलं. तुम्हा सगळ्यांना ते एवढे हवे असतील तर ठेवून घ्या. मी आड येणार नाही.” आणि त्या खाली बसल्या.

मोठे साहेब बायकोकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, “ठीक.”

टाळ्यांनी छत उडायचं बाकी राहिलं. समारंभासाठी आणलेला पुष्पगुच्छ आता निरोपाचा न राहता स्वागताचा झाला आणि तो धाकट्या साहेबांनाच मोठ्या साहेबांच्या हातात द्यावा लागला. संचालक त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “काय बोललात! दुसरा कोणी असता तर खुर्चीवर डोळा ठेवून बसला असता. तुम्हाला कशाचा मोहच नाही हो!”

दुसऱ्या दिवशी कार्यालय शुद्धीवर आलं. सकाळी पहिला मसुदा लाल होऊन परत आला आणि सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. मग सगळे मिळून धाकट्या साहेबांच्या टेबलाभोवती जमले.

“तुम्हाला कोणी सांगितलं होतं असं बोलायला?” निरीक्षक तावातावानं म्हणाला.

“तुला कोणी सांगितलं होतं खुर्चीवर चढायला?”

“तुम्ही बोललातच तसं!”

“अरे, पण तुला ठाऊक नव्हतं का माणूस कसा आहे? लग्न कोणाचं होतं, माझं?”

“ठाऊक होतं,” निरीक्षक रडवेला होऊन म्हणाला. “पण तेव्हा आठवत नव्हतं.”

सभा नावाच्या प्राण्याची याहून खरी व्याख्या कोणी केली नसेल. त्या दिवसापासून टायपिस्टबाईंनी धाकट्या साहेबांचे कागद सगळ्यांच्या शेवटी टाइप करायला घेतले. शेजारच्या खात्यांतले जेवढे म्हणून धाकटे साहेब होते, त्यांनी आपापल्या निरोपसमारंभांना या गृहस्थांना बोलवायचं नाही असं आपसांत ठरवून टाकलं. इकडे गुरुजींनी टायरच्या दुकानावर भलामोठा फलक लावला, ‘आमच्या विद्यार्थ्याच्या भाषणाने निवृत्ती रद्द!’, आणि वर्गाला अशी गर्दी झाली की शिवणकाम बंद करावं लागलं. शिकायला आलेले बहुतेक जण आपण होऊन आलेच नव्हते. त्यांना त्यांच्या निवृत्तीला टेकलेल्या साहेबांनी पाठवलं होतं.

धाकटे साहेब एकदा धीर करून संचालकांकडेही गेले. सरळ सांगायचं ठरवलं होतं: मुदतवाढ रद्द करा, मला वर्षभर तरी त्या खुर्चीत बसू द्या. “साहेब, मला म्हणायचं होतं की...” म्हणाले आणि सवयीनं थांबले. नको तिथे विद्या आठवते ती अशी. त्या थांबण्यात संचालकांनी आपलं बोलून घेतलं. “आभार मानायला आलात ना? अहो, त्याची काय गरज! तुमच्यासारखी निःस्वार्थी माणसं खात्यात आहेत म्हणून चाललंय.” आणि घंटी वाजवून पुढच्याला आत बोलावलं.

घरी बायको वाढताना एवढंच म्हणाली, “सरळ सांगायचं होतं तेव्हाच. साहेब, आता निघा, मला खुर्ची द्या.”

“असं कुठे बोलतात का चार माणसांत?”

“ते खरं,” ती म्हणाली. “चार माणसांत असं कोणी बोलत नाही.” थोरल्या बंधूंचाही फोन आला. “बोलता आलं म्हणायचं तुला! मीठ मागितलंस आणि मीठच मिळालं!” आणि ते पुन्हा पोट धरून हसले असणार, फोनवर दिसलं नाही एवढंच.

आठवडा लोटला आणि एक दिवस शिपाई दारात येऊन म्हणाला, “मोठे साहेब बोलावतायत.” धाकटे साहेब गेले. आत गेल्यावर मोठ्या साहेबांनी बसायला सांगितलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्या खोलीत ते बसले नव्हते. खुर्ची टेबलाच्या अलीकडची होती, ही गोष्ट वेगळी.

मोठे साहेब खिडकीबाहेर बघत होते. “त्या दिवशी तुम्ही बोललात,” ते म्हणाले. “मी घरी जाऊन बायकोला म्हटलं, सगळं वाढवून सांगितलेलं असेल. पण माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं. ते मी बघितलं. ते काही खोटं नसणार.” त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “मला वाटायचं, इथे कोणालाच मी नकोय. म्हणून तर घरी चाललो होतो. झोपेचं आपलं सांगायला होतं.”

धाकटे साहेब खुर्चीत पुढे सरकले. सांगावं का आता? सगळं सरळ सांगून टाकावं? त्यांनी समोरच्या माणसाकडे बघितलं. तो आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी हवा होता, आणि तेही फक्त आपल्याच बोलण्यानं. सांगणं राहिलं.

“पुढच्या वर्षी तुम्ही निवृत्त होणार,” मोठे साहेब म्हणाले. “तुमच्या निरोपाला मीच बोलणार, दुसऱ्या कोणाला बोलू देणार नाही. आत्तापासून तयारीला लागलोय. पण मला तुमच्यासारखं नाही येत हो बोलता. मला आपलं खरं तेवढंच लिहिता येतं.” त्यांनी खणातून एक कोरा कागद काढला. कोरा नव्हता अगदी. वर एक ओळ होती, धाकटे साहेब नोकरीत रुजू झाले त्या तारखेची. “काल संध्याकाळपासून हा पुढ्यात घेऊन बसलोय. तारीख लिहून झाली. पुढे काही सुचत नाही. तुम्हीच सांगा, तुमच्याबद्दल खरं असं काय लिहू?”

धाकट्या साहेबांनी बोलायला तोंड उघडलं. मोठे साहेब पेन सरसावून वाट बघत राहिले.